कल्पना कोणाची, लेखणी कोणाची?

७ एप्रिल २००९ रोजीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत डेव्ह आर्नेसन नांवाचा एक गृहस्थ, वयाचीं एकसष्ट वर्षें पुरीं करून, कर्करोगानें वारला. आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवर हें नांव कधीं गेलें नसेल, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. ज्या खेळामुळें त्याचें स्मरण राहावें तो खेळ जगभर खेळणाऱ्या लोकांपैकींहि पुष्कळांस तें ठाऊक नसतें. त्यांस गॅरी गायगॅक्स हें दुसरें नांव ठाऊक असतें. गायगॅक्स त्याच्या आधीं तेराच महिने, ४ मार्च २००८ रोजीं, निवर्तला, आणि त्या वेळीं वृत्तपत्रांनीं एका नव्या क्रीडाप्रकाराचा जनक म्हणून त्याला गौरविलें. या दोघांत त्या खेळाचा खरा कर्ता कोण, हा वाद न्यायालयांत गेला, मिटला, आणि तरीहि मिटला नाहीं. आम्हांस खेळांत गति नाहीं. पण त्या वादाच्या पोटांत नीतीचा जो प्रश्न आहे तो आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसूं देत नाहीं. त्याला एक खाजगी कारणहि आहे. तें लेखाच्या अखेरीस सांगूं.

आमचा मुलगा व त्याचे पांच-सहा मित्र रविवारीं दुपारीं आमच्या जेवणाच्या टेबलाभोंवतीं जमतात. टेबलावर पट नसतो, सोंगट्या नसतात. कागद, पेन्सिली आणि मूठभर फांसे एवढाच सरंजाम. फांसे मात्र चमत्कारिक: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे. भूमिति शिकलेल्या वाचकांच्या लक्षांत येईल कीं, हे तेच पांच नियमित घन, ज्यांतले चार प्लेटोनें आपल्या 'टायमिअस' या संवादांत तेज, पृथ्वी, वायु व आप या तत्त्वांस वांटून दिले आणि पांचवा विश्वाच्या रचनेसाठीं राखून ठेवला. (दहा बाजूंचाहि एक फांसा आहे, पण तो या कुळांतला नव्हे.) आमच्या मातुःश्रींनीं ते पाहिले आणि नातवास विचारलें, "अरे, धर्मराजाचं काय झालं तें ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "आजी, यांत कोणी हरत नाहीं आणि कोणी जिंकत नाहीं." "मग खेळतां कशाला?" असें त्यांनीं विचारलें, आणि आम्हांसहि तो प्रश्न रास्त वाटला, म्हणून त्या दिवशीं आम्ही खुर्ची ओढून जवळ बसलों.

खेळ असा. मंडळींपैकीं एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो कीं, तुम्ही एका पडक्या गढीच्या तळघरांत उतरलां आहां, समोर ओलसर भिंत आहे, भिंतींत एक लाकडी दार आहे आणि दारामागें कोणी तरी श्वास घेत आहे. आतां तुम्ही काय करतां? या प्रश्नाला उत्तरांची यादी नाहीं. दार फोडावें, आंतल्याशीं बोलावें, परत फिरावें, दाराला कान लावून बसावें; त्या जागीं एखाद्या माणसाला जें जें सुचेल तें तें खेळाडूला करून पाहतां येतें. साधेल कीं नाहीं हें नियम, फांसे आणि सूत्रधाराचा विवेक मिळून ठरवितात. डाव संपला तरी पात्र संपत नाहीं. पुढच्या रविवारीं तें आपल्या जखमा, आपलें धन आणि आपला अनुभव घेऊन पुन्हां उभें राहतें. कादंबरींतलें पात्र काय करील हें लेखकाला ठाऊक असतें, बुद्धिबळांतलें प्यादें काय करूं शकेल हें नियमाला ठाऊक असतें. येथें तें कोणालाच आधीं ठाऊक नसतें. मातुःश्रींच्या प्रश्नाचें उत्तर बहुधा यांतच आहे.

ही कल्पना एका दिवसांत जन्मली नाहीं. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावरचा युद्धखेळ चालू होता, आणि त्यांत दोन पक्षांमध्यें निवाडा करणारा एक पंच बसे. चार्ल्स टॉटन या अमेरिकन सेनाधिकाऱ्यानें १८८० सालीं त्याच धर्तीवर 'स्ट्रॅटेगॉस' नांवाचा ग्रंथ लिहिला. जवळजवळ नव्वद वर्षांनीं मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत तो डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणाच्या हातीं लागला. आणि नियमांत न बसणारी गोष्टहि खेळाडूला करूं द्यावी, तिचा निवाडा पंचानें करावा, हें सूत्र त्यानें त्यांतून उचललें. १९६९ च्या सुमारास त्यानें ब्राउनस्टाइन नांवाचें एक काल्पनिक जर्मन गांव रचलें. नेपोलियनच्या काळांतली लढाई व्हावयाची होती. पण सेनापति दोनच आणि खेळावयास आलेले पुष्कळ, म्हणून बाकीच्यांस त्यानें नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपति अशीं सोंगें वांटून दिलीं. झालें! लढाई बाजूलाच राहिली. जो तो कोपरा गांठून दुसऱ्याशीं कारस्थानें करूं लागला; दोघांनीं तर एकमेकांस द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. आपला खेळ साफ फसला असें वेस्लीला वाटलें. खेळणाऱ्यांनीं मात्र, पुन्हां केव्हां, म्हणून त्याची पाठ धरली.

या मंडळींतच आर्नेसन होता; मिनेसोटा विद्यापीठांत इतिहास शिकणारा, विशीच्या घरांतला. पुढच्या एका डावांत स्थळ एक लॅटिन अमेरिकन देश होतें आणि त्याच्याकडे क्रांतिकारक विद्यार्थ्याचें काम आलें होतें. त्यानें अमेरिकन गुप्तहेर खात्याचें एक खोटें ओळखपत्र आधींच तयार करून आणलें, तें नेमक्या वेळीं पुढें केलें, आणि सगळ्या डावावर असा कांहीं हात मारला कीं, त्या दिवसाची गोष्ट त्याचे सोबती म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. तें ओळखपत्र नियमांत कोठेंच नव्हतें. नियमांत नसलेलें दार कोठें आहे हें ज्याला दिसतें असा हा मनुष्य होता.

१९७१ सालीं त्यानें स्वतःचा खेळ मांडला. त्याच्याच सांगण्याप्रमाणें, दोन दिवस जुने राक्षसपट पाहण्यांत आणि अद्भुत कथा वाचण्यांत घालविल्यावर त्याला तो सुचला. सेंट पॉल येथें आईबापांच्या घराच्या तळघरांत मित्र नेहमींच्या नेपोलियनी लढाया खेळावयास येत. त्यांच्यापुढें आतां टेबलावर एक किल्ला आला, आणि किल्ल्याच्या खालीं भुयारांचें जाळें. या मुलुखाचें नांव ब्लॅकमूर. आरंभीं तेथें लढाईचे नियम गायगॅक्सच्याच 'चेनमेल' या पुस्तकांतून घेतलेले होते. त्यांत एक घाव बसला कीं सैनिक मेला. फौजेच्या हिशेबांत तें ठीक. पण ज्याला आपण नांव दिलें, ज्याच्यासाठीं चार रात्री भुयारांत धन जमविलें, तो पहिल्याच घावाला आडवा व्हावा हें खेळाडूंस सोसेना. तेव्हां आर्नेसनला आपले जुने आरमारी नियम आठवले. अमेरिकेच्या यादवी युद्धांतल्या लोखंडी जहाजांसाठीं केलेल्या त्या नियमांत जहाज एका गोळ्यानें बुडत नसे. त्याचें बळ गोळ्यागणिक कमी होत जाई. तो हिशेब त्यानें माणसाला लावला. संगणकावरच्या असंख्य खेळांत आज पात्राच्या डोक्यावर जी प्राणबळाची पट्टी दिसते तिचें मूळ येथें आहे. आम्हांस त्या युक्तीपेक्षां तिच्यामागची ममता अधिक लक्षांत राहते. कागदावरच्या माणसाला बुडावयास थोडा वेळ द्यावा, तेवढ्या वेळांत त्याचे सोबती धांवून येतील, अशी ती ममता आहे.

परंतु आर्नेसनला लिहितां येत नसे. तो अक्षरशत्रु होता असें नव्हे. डोक्यांत जें चाले तें दुसऱ्याला उचलतां येईल अशा क्रमानें कागदावर उतरविणें त्याला साधत नसे. त्याचे नियम डावागणिक बदलत आणि बहुतेक त्याच्या स्मरणांतच राहत. १९७७ सालीं त्यानें ब्लॅकमूरचीं टिपणें 'द फर्स्ट फँटसी कँपेन' या नांवानें प्रसिद्ध केलीं. तीं चाळतांना एखाद्या विद्वानाच्या मागें त्याच्या खणांत सांपडलेल्या चिटोऱ्या वाचीत असल्याचा भास होतो.

गायगॅक्सची गोष्ट उलट. जन्म शिकागोचा, शाळा अर्ध्यावर सोडलेली, विम्याच्या कंपनींतली नोकरी १९७० मध्यें गेलेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहान गांवीं जोडे दुरुस्त करून तो संसार चालवी आणि उरल्या वेळीं टंकलेखनयंत्रापुढें बसे. १९७२ च्या अखेरीस आर्नेसननें त्याच्या घरीं जाऊन ब्लॅकमूरचा एक डाव मांडून दाखविला. हें कांहीं निराळेंच आहे हें गायगॅक्सनें तत्काळ ओळखलें आणि नियम मागितले. आले ते हातानें लिहिलेले थोडे कागद. त्यांवरून, चेनमेलवरून आणि स्वतःच्या कल्पकतेवरून त्यानें प्रथम सुमारें पन्नास व मग दीडशें पानांचा मजकूर उभा केला. १९७३ मध्यें डॉन के या मित्राबरोबर त्यानें कंपनी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्यें तीन लहान पुस्तिकांची एक पेटी बाहेर पडली: किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार, नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारें आणि ड्रॅगन. पुस्तिकांवर गायगॅक्स आणि आर्नेसन अशीं दोन्ही नांवें होतीं. प्रस्तावनेंतहि गायगॅक्सनें ब्लॅकमूरचा उल्लेख मोकळेपणानें केला आहे. येथवर कोणाचीच तक्रार असूं नये.

वितुष्ट मागाहून आलें. आर्नेसन १९७६ मध्यें कंपनींत नोकरीस लागला आणि वर्षाच्या आंतच बाहेर पडला. पुढें १९७७ ते १९७९ या काळांत गायगॅक्सनें 'अ‍ॅडव्हान्स्ड' या विशेषणासह तो खेळ तीन मोठ्या पुस्तकांत नव्यानें लिहून काढला. लेखक म्हणून नांव एकट्याचें. हा निराळा खेळ आहे, सबब जुन्या करारांतली रॉयल्टी याला लागू नाहीं, असें कंपनीचें म्हणणें. १९७९ मध्यें आर्नेसननें दावा लावला, मार्च १९८१ मध्यें तडजोड झाली, आणि दोघांसहि खेळाचे 'सहनिर्माते' म्हणावें असें ठरलें.

तडजोडीनें पैशाचा प्रश्न सुटला असेल. आमचा प्रश्न सुटत नाहीं. कायदाहि येथें फारसा उपयोगी पडत नाहीं, कारण कायदा कल्पनेचें रक्षण करीत नाहीं, तिला मिळालेल्या शब्दरूपाचें करतो. आपल्याकडे १९७८ सालीं आर. जी. आनंद यांचें नाटक व 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व सांगितलें. व्यवहाराला तें योग्यच आहे. कल्पनांवर मालकी बसूं लागली तर उद्यां कोणाला तोंड उघडतां यावयाचें नाहीं. पण कायदा थांबतो तेथेंच कर्तव्यहि थांबतें, असें मानून सुखानें झोपणारा मनुष्य आम्हांस कधीं आदरणीय वाटला नाहीं.

गायगॅक्सच्या बाजूचा युक्तिवाद बळकट आहे, आणि तो आम्ही लपविणार नाहीं. तो नसता तर ब्लॅकमूरचें काय झालें असतें? तीं मुलें मोठीं झालीं असतीं, नोकऱ्यांस लागलीं असतीं, गांवें बदललीं असतीं, आणि तळघरांतला तो किल्ला एखाद्या उन्हाळ्यांत अडगळींत गेला असता. लेखन म्हणजे कांहीं नुसती नक्कल नव्हे. विस्कळिताला क्रम देणें, न बोललेलें बोलतें करणें, गाळलेलें भरून काढणें, ही निर्मितीच आहे. शिवाय मंत्रांची पद्धति, नाना जातींचे प्राणी आणि पुढें मुलांस मोह घालणारी ती जडजवाहिरानें लगडलेली भाषा, हें सारें गायगॅक्सचें. लेखणीवर उपजीविका करणाऱ्या आमच्यासारख्यास हा युक्तिवाद गोड लागावा यांत नवल नाहीं.

तथापि तो एका ठिकाणीं लंगडा पडतो. कल्पना म्हणजे क्षणांत चमकून जाणारी वीज आणि श्रम तेवढे लिहिणाऱ्याचे, असें तो गृहीत धरतो. आर्नेसनची कल्पना तशी नव्हती. सुमारें दीड वर्ष ती जिवंत माणसांवर घांसली गेली होती. कोठें ते कंटाळतात, कोठें हिरमुसतात, कोठें मध्यरात्र झाली तरी उठत नाहींत, हें पाहून पाहून ती घडली होती. ती कागदावर नव्हती इतकेंच. ती त्या मंडळीच्या वागण्यांत होती. कीर्तनकाराचें आख्यान छापून काढलें तर पुस्तक हातीं येतें, कीर्तन येत नाहीं; आणि छापणाऱ्यानें कितीहि कष्ट उपसले असले तरी बुवा कधीं उभेच राहिले नव्हते असें त्याला म्हणतां यावयाचें नाहीं. खुद्द गायगॅक्सला हा खेळ वाचून कळला नाहीं. तो त्याला आर्नेसनसमोर बसून खेळावा लागला. आमच्या मतें सगळ्या वादांत याहून महत्त्वाची दुसरी साक्ष नाहीं. राहतां राहिला 'निराळा खेळ' हा मुद्दा. घर पाडून नवें बांधलें, खोल्या वाढविल्या, रंग दिला. पण पाणी जुन्याच विहिरीचें भरावयाचें असेल तर विहीर खणणाऱ्याला परका म्हणतां येत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग वेस्लीचें काय? लेखक म्हणून त्याचें नांव त्या पुस्तिकांवर नाहीं. टॉटनचें काय, आणि प्रशियाच्या त्या पंचांचें काय? ऋणाची सांखळी ओढूं लागलें तर ती कोठें संपावी? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्हीं त्यावर पुष्कळ विचार केला. सर्वांचें ऋण फिटत नाहीं हें कबूल. पण म्हणून समोर बसलेल्याला ओळख देऊं नये हा न्याय अजब आहे. टॉटन हा ग्रंथांतून भेटला. आर्नेसन घरीं आला होता.

शिवाय लिहिणाऱ्याच्या हातीं एक सत्ता असते, ती बोलणाऱ्याच्या हातीं नसते. बोललेलें हवेंत विरतें, लिहिलेलें उरतें, आणि मागाहून येणाऱ्यास उरलेलेंच दिसतें. ही सत्ता लेखकानें मागितलेली नसेल. पण दुसऱ्यानें काय दिलें हें सांगूं शकणारा साक्षीदार बहुधा तो एकटाच असतो. प्रतिवादी आणि साक्षीदार एकच! अशा वेळीं साक्षीदारानें चुकावयाचेंच असेल तर तें स्वतःच्या विरुद्ध चुकावें, एवढी अपेक्षा अवास्तव नसावी.

आमच्या मुलानें जॉन पीटरसन यांचे दोन ग्रंथ आम्हांस आणून दिले. एक २०१२ चा, दुसरा २०२१ चा. जुनीं पत्रें, खर्डे व नियतकालिकें चाळून हा इतिहास त्यांत मांडला आहे. ते वाचतांना दोघांपैकीं कोणीहि आम्हांस धुतल्या तांदळासारखा वाटला नाहीं. आर्नेसन कबूल केलेलें काम वेळेवर पुरें करणारा नव्हता, आणि त्याच्या तक्रारींपैकीं कांहींचा धनी तो स्वतःच होता. गायगॅक्सच्या हातूनहि १९८५ मध्यें कंपनीची सत्ता गेली आणि पुढच्याच वर्षीं तो तींतून बाहेर पडला. कोणी यांत दैवी न्याय पाहतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. एका अन्यायावर दुसरा चढविल्यानें हिशेब जुळत नाहीं, एवढेंच कीं रडणारे दोघे होतात. असो.

आर्नेसनच्या उत्तरायुष्यांतली एक गोष्ट मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९९९ पासून २००८ पर्यंत तो फ्लॉरिडांतील फुल सेल या संस्थेंत शिकवीत असे. विषय कोणता, तर खेळाचे नियम नेटके कसे लिहावेत! वाचक हंसतील, आम्हीहि प्रथम हंसलों. पण तीस वर्षें फळ्यापुढें काढल्यावर आम्हांस त्यांत विनोदापेक्षां निराळें कांहीं दिसूं लागलें आहे. ज्या गोष्टीनें आपणांस आयुष्यभर दगा दिला तीच तरुण मुलांपुढें उभें राहून शिकवावयाची, म्हणजे आपला तोटा त्यांस लागूं नये, याला धैर्य लागतें.

आतां तें खाजगी कारण. आमच्या महाविद्यालयांत एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांचें नांव येथें देत नाहीं. जेथें द्यावयास हवें होतें तेथें तें आम्हीं दिलें नाहीं, आणि येथें देऊन भरपाई होणार नाहीं. ते शोकनाट्यांवर बोलूं लागले कीं प्राध्यापकांच्या खोलींतला चहा निवून जाई. चार वर्षें संध्याकाळीं आम्ही त्यांच्याबरोबर टेकडीवर फिरलों. ते लिहीत नसत. आम्ही घरीं येऊन वहींत टिपून ठेवीत असूं. त्या वह्यांवरून आमचें पुस्तक झालें. श्रम आमचे होते यांत शंका नाहीं: संदर्भ आम्हीं शोधले, प्रकरणें आम्हीं पाडलीं, वाक्य न् वाक्य आमचें आहे. प्रस्तावनेंत, ज्या सहकाऱ्यांशीं वेळोवेळीं चर्चा झाली त्यांचे आभार, एवढें एक वाक्य घातलें. पुस्तक त्यांच्या हातीं दिलें. वाचून ते म्हणाले, "भाषा छान उतरली आहे हो तुमची." दुसरें कांहीं बोलले नाहींत. टेकडीवर आम्ही पुढेंहि जात राहिलों. पण शोकनाट्याचा विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

ते जाऊन सहा वर्षें झालीं. शोकनाट्याचा नायक चुकतो तेव्हां त्याला सावध करावें म्हणून प्रेक्षकाच्या ओठांवर एक हांक येते, आणि ती मारतां येत नाहीं म्हणूनच तिची करुणा होते, हा तिसऱ्या प्रकरणांतला विचार परीक्षकांनीं वाखाणला. तो एका पावसाळी संध्याकाळीं, छत्री मिटतां मिटतां, ते बोलून गेले होते. विद्यार्थी तो आमच्या नांवानें उत्तरपत्रिकेंत लिहितात, आणि आम्ही त्यांस गुण देतों.

यंदा प्रकाशकांनीं नवी आवृत्ति मागितली, तेव्हां प्रस्तावना पुन्हां लिहावयास घेतली. 'सहलेखक' म्हणावें तर त्यांनीं एक ओळ लिहिलेली नाहीं, आणि खोटें त्यांस खपत नसे. 'प्रेरणा' म्हणावें तर तो शब्द तसबिरीला हार घालून मोकळें होण्यासारखा. वकिलांच्या तडजोडींतला 'सहनिर्माते' हा शब्दहि लिहून पाहिला आणि खोडला. अखेरीस त्यांच्या घरीं गेलों आणि वहिनींस सर्व सांगितलें. त्यांनीं मध्यें न बोलतां ऐकून घेतलें. मग चष्मा लावला, पुस्तक आमच्यापुढें सरकविलें आणि म्हणाल्या, "यांत ते कुठं कुठं आहेत, तेवढं मला दाखवा." आम्हीं तिसरें प्रकरण उघडलें, मग मागें जाऊन दुसरें, मग पहिलें. बोट कोठें ठेवावें आणि कोठून उचलावें हें आम्हांस कळेना.